कोंडाळीचा साकव

“बाई, कागद बघा. नदी बघायला सरकारनं आपल्याला बसवलेलं नाही.”

दिवटेसाहेब हे कधी चढ्या आवाजात म्हणाले नाहीत. माझ्या टेबलाशी यायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि देवळात बोलावं तसं हळू बोलायचे. तालुक्याच्या उपकोषागारात मला काम त्यांनीच शिकवलं. खर्चाला विधानसभेची मंजुरी आहे का, ती खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली, बिलावर सही कुणाची, सोबतचे दाखले पुरे आहेत का, एवढं पाहायचं. जुळलं की पैसे सोडायचे. नाही जुळलं की आक्षेप लिहून बिल परत. त्यापलीकडे आपण डोकवायचं नाही.

पण त्या एकतीस मार्चला दुपारी ते असं म्हणाले, तेव्हा नदीपलीकडची बाई माझ्यासमोर बाकावर बसलेली होती, आणि माझ्या हातातला कागद सांगत होता की तिच्या नदीवर पूल झालेला आहे.

“ठकूबाई, पूल झाला?” मी विचारलं.

“कुठला वं?”

“तुमचाच. कोंडाळीचा साकव.”

ती हसली. “गरिबाची चेष्टा करता व्हय? रेतीचा एक ढीग टाकलाय. त्यावर कुत्री निजत्यात.”

ठकूबाई झोरे कोंडाळीच्या धनगरवाड्यावरची. बाईसाठी जागा राखीव निघाली म्हणून सरपंच झालेली. पहिल्यांदा आमच्या कचेरीत आली ती जानेवारीत, चुकून. सरकारचा पैसा जिथं असतो ती जागा कुठली, असं तिनं बाजारात विचारलं आणि कुणीतरी आमच्याकडं बोट केलं. दारातच म्हणाली, “आमच्या पुलाचा पैका आलाय का बगा जरा. न्यायाला आलोय.” सगळी कचेरी हसली. मी तिला बसवलं, पाणी दिलं. फडक्यानं गाळून तांब्यात धरलेलं ते पाणी बघून तिनं विचारलं, “ह्यात काय पडलं हुतं?”

“काही नाही. बारीक जीव असतात, ते पोटात जाऊ नयेत म्हणून.”

आम्ही जैन. मालक गेले त्या वर्षी गावात चातुर्मासाला आलेल्या साध्वी, आर्यिका माताजींकडून मी काही नियम घेतले होते. पहाटे दोन घटका सामायिक, म्हणजे एका जागी बसून मन समभावात ठेवायचं. गाळलेलं पाणी. दिवस मावळल्यावर अन्न नाही. आणि खोटं बोलायचं नाही, खोट्याला हातभार लावायचा नाही. नोकरी पैशांच्या कचेरीत असूनही हे नियम तोवर मला जड गेले नव्हते. आमच्याकडं सगळं कागदावर असे, आणि कागदापुढं बोलायची वेळच फारशी येत नसे.

जानेवारीतल्या त्या दिवशी मी कपाटातून पुरवणी मागण्यांचं पुस्तक काढलं होतं. डिसेंबरच्या अधिवेशनात विधानसभेनं जो जादा खर्च मंजूर केला, तो त्यात खात्यावार छापलेला होता. रस्ते व पूल या खात्याखाली, बऱ्याच आत, एका ओळीत कोंडाळी होतं. मी ठकूबाईचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

“हितं? हे आमच्या वाड्याचं नाव?”

“हो.”

“म्हंजी इधानसभेत आमच्या वाड्याचं नाव घेतलं?”

“मोठ्यानं घेतलं नसेल. एकदम सगळं मंजूर करतात. पण छापलंय.”

तिनं बोट उचललं नाही. “आमचं नाव मतदानाच्या यादीत बी चुकवून छापत्यात,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “माझ्या लेकीनं सातवी केली न् घरी बसली. आठवीची शाळा आंबेवाडीला, नदीच्या अल्याड. पावसाळ्यात कोण सोडणार? पंधराव्या सालात लगीन करून दिली. आता तिच्या मागच्या पाच पोरी सातवीत हाईत. आमची शेवंता, नात, त्यातलीच. आयांना म्हटलंय, ह्या पोरी पुलावरनं शाळंला जातील.”

नंतर ती बाजाराच्या दिवशी यायचीच. पूल कुठवर आला ते विचारायची, म्हणजे पुस्तकातून निघून कुठवर आला ते.

तर एकतीस मार्च. माझ्या हातात पंचायत समितीचं बिल, सोबत काम पूर्ण झाल्याचा दाखला. साकव बांधून झाला असून ग्रामस्थ त्याचा वापर करीत आहेत. खाली उपअभियंता काटकरांची सही आणि सरपंचाचा अंगठा.

“ठकूबाई, हा अंगठा तुमचा?”

“माझाच की. आठ दिवस झालं.”

“यात लिहिलंय की पूल झालाय.”

“व्हय. काटकरसायेब म्हणालं, झाला म्हटल्याबिगर हुणार न्हाय. म्हटलं, आणा.”

काटकर तिथंच खिडकीशी उभे होते. वाईट माणूस नव्हता. कोंडाळीचा प्रस्ताव त्यांनीच तीनदा वर पाठवला होता, दोनदा परत आला तरी.

“मॅडम,” ते म्हणाले, “मंजुरी डिसेंबरची. पैसे जिल्ह्याला पोचले मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. दहा दिवसांत पूल बांधायला माझ्याकडं रामाची वानरं नाहीत.”

“मग तसं लिहा. काम अपूर्ण आहे म्हणून.”

“लिहिलं की बिल निघत नाही. बिल नाही निघालं की आज संध्याकाळी पैसे परत सरकारजमा. उद्यापासून नवं वर्ष, नवं पुस्तक. त्यात कोंडाळी नाही. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का हे?”

सांगायला नको होतं. दर मार्चला हेच चालायचं. वर्षभर अडलेला पैसा शेवटच्या आठवड्यात खाली यायचा आणि तो बुडू नये म्हणून न झालेली कामं झाली म्हणून दाखवली जायची. बरीचशी नंतर होतही असत. मला ते ऐकून ठाऊक होतं. पण कागद बोलतो एक आणि समोर बसलेलं माणूस सांगतं दुसरं, हे माझ्यापुढं तेव्हा पहिल्यांदा आलं.

“साहेब,” मी दिवटेसाहेबांना म्हटलं, “पूल नाहीये.”

तेव्हा ते उठून आले आणि ते वाक्य बोलले. वर म्हणाले, “दाखला आहे, सही आहे, अंगठा आहे. ऐकीव गोष्टीवर आक्षेप घेता येत नाही.”

“ऐकीव कशी? ज्यांचा अंगठा त्याच सांगताहेत.”

“मग त्यांना सांगू नका म्हणावं.”

मी कोरा कागद पुढं ओढला आणि आक्षेप लिहायला घेतला. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला कळलं. ती बाकावरनं उठून माझ्या टेबलाशी आली.

“काय लिवताय?”

“ठकूबाई, जे झालं नाही ते झालं म्हणून माझ्या हातून जाणार नाही. माझा नियम आहे.”

“नियम सरकारचा का तुमचा?”

“दोन्हींचा.”

“सरकारचा तर ह्यो सायेब मोडाय तयार हाय. तो बी सायेब तयार हाय. राहिला तुमचाच.”

काटकर हसले. मी मान वर केली नाही.

“बाई, माझ्याकडं बगा. तुमी पाणी गाळून पिता, किडामुंगी मरू नये म्हणून. बरं हाय. आमच्या पोरी त्या पाण्यात गळ्याएवढ्या उतरायच्या, त्यांस्नी कशानं गाळू?”

“ठेकेदारानं पैसे घेऊन पूल बांधलाच नाही तर?” एवढंच मी म्हटलं.

“बांधल की! न बांधून जातोय कुठं? आन न्हाय बांधला तर आमी हाय तिथंच हाय. आमचं काय जातंय?”

हेच तिला वाटत होतं. काटकरांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी अडले होते ती फक्त माझ्या नियमापाशी. जाण्यासारखं आणखी काही आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आक्षेप लिहून मी बिलाला टाचला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ठकूबाई बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. काटकर येरझारा घालत राहिले. बाकीची बिलं येत होती, जात होती. दिवटेसाहेबांनी ते बिल ना पास केलं, ना परत केलं. तसंच राहू दिलं.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तसे साहेब माझ्याकडं आले.

“राजमतीबाई, दिवस कलला. घरी जाऊन जेवून या.”

मी बघतच राहिले. आधीच्या किती मार्चअखेरी मी उपाशी काढल्या होत्या, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कामाच्या गर्दीत नियम कसला पाळताय, असं एकदा म्हणालेही होते.

“काम आहे, साहेब.”

“काम मी बघतो. तुमचा नियम मोडायला नको. त्याचं पाप आमच्या डोक्यावर कशाला?”

घर मागच्याच गल्लीत. मी गेले. सकाळची भाकरी होती, मुगाची आमटी होती. सूर्य बुडायच्या आत जेवले, पाणी प्यायले, हात जोडले. परत आले तेव्हा नुकतंच मावळलं होतं, कचेरीत दिवे लागले होते. व्हरांड्यात ठकूबाई नव्हती. काटकर नव्हते. साहेबांच्या टेबलावर बिल नव्हतं.

“गेलं?” मी विचारलं.

“गेलं. मीच पास केलं. तुमची सही कुठंही नाही.”

“आणि माझा आक्षेप?”

“कसला आक्षेप?” दिवटेसाहेब चष्मा पुसत म्हणाले. त्यांच्या आवाजात कपट नव्हतं, खरोखरीची माया होती. “बाई, तुमचा नियमही राहिला, त्या बाईचा पूलही राहिला. आणखी काय पाहिजे माणसाला?”

मला त्यांचा राग आला नाही. बरं वाटलं. घरी आले, माळ घेऊन बसले, आणि मन लागलं.

एप्रिलात ठकूबाई आली ती मधाची बाटली घेऊन. मी मध खात नाही म्हटलं.

“मग पुढल्या बारीला लोणी आणते.”

“लोणीही चालत नाही.”

“बटाटं?”

“तेही नाही.”

“आगं बाई! चालतं तरी काय तुमाला? हवा खाता का नुस्ती?” ती खूप हसली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, “त्या दिशी रागानं बोलले. तुमी घरी गेला म्हणून झालं बगा. न्हायतर व्हायचं न्हवतं.”

मी हात काढून घेतला नाही.

पूल झाला नाही. ठेकेदारानं मे महिन्यात थोडी सळई आणून टाकली. मग त्याला हमरस्त्याचं मोठं काम मिळालं आणि सळई उचलून तो तिकडं गेला. काटकर त्याच्या मागं फिरत होते. पण पूर्ण झालेल्या कामाबद्दल नोटीस काढायची कशी? काढणाऱ्याचीच सही दाखल्यावर. नदी भरली, तेव्हा रेतीचा ढीगही राहिला नाही.

त्यानंतर मी सोळा वर्षं नोकरी केली. कोंडाळीच्या साकवाच्या दुरुस्तीचं बिल त्यात दोन वेळा माझ्या टेबलावर आलं. एकदा कठड्याला रंग, एकदा पायऱ्यांची डागडुजी. दोन्ही वेळा मी आक्षेप लिहिला की पूलच अस्तित्वात नाही. दोन्ही वेळा उत्तर आलं की साकव पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर रक्कम आपल्याच कार्यालयानं अदा केलेली आहे, कृपया अभिलेख पाहावा. अभिलेख बरोबर होता.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या ऑगस्टचं.

दुपारची वेळ. ठकूबाई आली, लुगडं कमरेपर्यंत ओलं, अंगावर घोंगडं. बाकावर बसली. पाणी दिलं तर नको म्हणाली.

“बाई, मी जिल्ह्याला जाऊन आले. एकटी. मोठ्या सायबाला म्हटलं, आमचा पूल न्हाय झाला, पुन्यांदा मंजूर करा. त्यानं पुस्तक काढलं. म्हणाला, कोंडाळीला पूल हाय.”

“मग?”

“म्हटलं न्हाय. म्हणाला हाय. म्हटलं, सायेब, मी तिथं ऱ्हाते. म्हणाला, मावशे, जिथं पूल हाय तिथं दुसरा पूल सरकार देत न्हाय, अगुदर हितं हाय त्याचं काय झालं ते सांग.” ती थांबली. “आदी आमाला पूल नव्हता, तवा मागायला तरी येत हुतं.”

तेव्हा मला ते कळलं. मार्चमध्ये कुणालाच न सुचलेलं. आमचं काय जातंय असं ती म्हणाली होती, आणि गेलं होतं ते तेच. त्या पुस्तकात पुन्हा कधीही नाव येण्याची वाट.

तिनं पोलक्यातून घडी केलेला कागद काढला. “काटकरसायबांनी हे दिलंय. वाचा.”

मी वाचला. दिनांक अमुक रोजी आलेल्या पुरात कोंडाळी येथील साकव पूर्णपणे वाहून गेला असून ग्रामस्थांची गैरसोय होत आहे. खाली सरपंचाच्या अंगठ्यासाठी जागा.

“काटकरसायेब म्हणत्यात, झालेला पूल वाहून गेला म्हटल्याबिगर नवा हुणार न्हाय.”

पलीकडून दिवटेसाहेब हळूच म्हणाले, “चुकीचं नाही सांगत. पूरहानीचं शीर्ष वेगळं असतं. पैसे असतात त्यात.”

ठकूबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघत होती.

“तुमाला इचारायला आले. तुमी खोटं बोलत न्हाई म्हणून. अंगठा देऊ?”

“पोरी कशा आहेत?” मी विचारलं.

“तीन जात्यात. एकीला मामाकडं धाडली. एकीचं ठरलं.”

“नदी कशी ओलांडतात?”

“दोन्ही काठाच्या जांभळींना दोर बांधलाय. दप्तर डोक्यावर. मदी धार जोराची हाय, तिथं मी हुबी ऱ्हाते, सकाळी न् सांजचं. परवा शेवंताचा हात सुटला हुता. घावली.”

तिनं ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी कागदाकडं बघितलं. माताजींची मूर्ती डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, पण आली नाही. आला तो पाण्यातला हात.

“द्या,” मी म्हटलं. “ठकूबाई, द्या अंगठा.”

शाईची गादी मीच उघडून तिच्यापुढं सरकवली. दिवटेसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

ठकूबाईनं गादीकडं बघितलं.

“तुमी सांगताय?”

“हो. मी.”

तिनं अंगठा पदराला पुसला. मला वाटलं आता टेकवणार. पण तिनं हात मांडीवर ठेवला.

“आन पंचनाम्याला मान्सं आली म्हंजी? पूल वाहून गेला तवा त्यावर कोण हुतं इचारतील. कोण बुडालं इचारतील. कुणाच्या पोरीचं नाव सांगू?”

“कुणी बुडालं नाही म्हणायचं.”

“आज म्हणायचं. आन उद्या खरंच एकादी गेली तर? ती पुलावरनं गेली म्हणून लिवतील. नदीतनं जात हुती हे कुठं बी ऱ्हाणार न्हाय. पोर बी कागदावरच्या पुलावरनं जाईल.”

बाहेर यष्टी वळल्याचा आवाज आला.

तिनं कागदाची घडी होती तशी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. “काटकरसायबांस्नी द्या. वाईट वाटून घेऊ नका म्हणावं.” मग शाईची गादी मिटली, माझ्याकडं सरकवली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझ्याकडं बघितलं ते आजारी माणसाकडं बघतात तसं.

“तुमी नका मनाला लावून घेऊ, बाई. तुमाला नदी ठावं न्हाय.”

“ठकूबाई, बसा थोडा वेळ. पाऊस आहे. काहीतरी मार्ग काढू.”

“काढा. पर मला जाया पायजे. पाचाला शाळा सुटती. पोरींच्या आयांस्नी सांगून आलेय, मी आल्याबिगर कुणी पाण्यात उतरायचं न्हाय, मी येते म्हणून.”

तिनं घोंगडं डोक्यावरनं घेतलं, पायरीवर वहाणा काढून हातात धरल्या आणि यष्टीच्या थांब्याकडं चालू लागली.